नाक लिहा, सर

भिवंडीच्या शाळेत मी रुजू झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याने मला दोन ठिकाणं दाखवली. एक खानावळ आणि दुसरं तुळशीरामचं दुकान. "खानावळ आवडली नाही तर बदला," तो म्हणाला, "दाढीला मात्र इथंच या."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ती. मंडईच्या मागच्या बोळात, कापडाच्या गाठींच्या एका गोदामाला पाठ लावून तुळशीरामचं दुकान उभं होतं. एक खुर्ची, एक बाक आणि एक आरसा. भिंतीवर देवाचं किंवा नटीचं एकही चित्र नाही. "गिऱ्हाइकानं स्वतःला बघावा," असं त्याचं म्हणणं. पलीकडच्या लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खटखटाट दिवसभर चालू असायचा, त्यामुळे तो मोठ्याने बोलायचा, आणि पुष्कळ बोलायचा. राहायला अंजूरला. सकाळी सायकलवरून यायचा, कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधलेली. पेटीत बायकोने सोडा घालून उकळलेले आणि कडक उन्हात वाळवलेले टॉवेल. एका माणसाला एक टॉवेल. त्या काळी बहुतेक दुकानांत एकच टॉवेल सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेचे गाल पुसायचा.

अंगाने तो उंच आणि वाळका होता. मिशी मात्र भरघोस, टोकं वर वळवलेली. दाढी बघितल्याशिवाय तो साबणाच्या ब्रशला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे वळवायची, आपला चेहरा वीतभर अंतरावर आणायचा आणि केसांचा कल न्याहाळायचा. मला पहिल्या दिवशी म्हणाला, "हनुवटीखाली तुमची उलटी हाय, सर. आजपर्यंत कुणी सांगितला न्हाय?"

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. तिशी उलटली तरी मी हनुवटीखाली कापून घेत होतो, आणि दोष ब्लेडला देत होतो.

मग तो मिशीला पीळ द्यायचा, वस्तरा स्पिरिटच्या ज्योतीवरून फिरवायचा, गार व्हायला पात्यावर हलकी फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "डोळे मिटा. आता माझा काम." शुक्रवारी लूम बंद असायचे. त्या दिवशी बाकावर उत्तरेकडचे कामगार दाटीवाटीने बसलेले असत, भुवयांत कापसाचा भुस्सा अडकलेला. त्यांनाही तेच वाक्य हिंदीत मिळे. "आँख बंद. अब मेरा काम."

स्वच्छतेचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे. एकदा दापोड्याचा एक ट्रान्सपोर्टवाला गालावर टरटरून फुगलेला फोड घेऊन आला. त्याच दिवशी त्याला कुणाच्या तरी साखरपुड्याला जायचं होतं.

"फोड सोडून बाकीची कर," तो म्हणाला.

"आज न्हाय," तुळशीराम म्हणाला. "फोड बसू दे, मग या."

"मी दुसरीकडं जाईन."

"जा ना. पन त्याच्यामागून जो कोन खुर्चीत बसंल, त्याचा विचार करा. त्याच्या गालावर हा फोड मी ठेवू काय?"

ट्रान्सपोर्टवाला पाय आपटत गेला. बाकावर बसलेल्या आम्हा पाच-सहा जणांना आपण सुरक्षित हातांत आहोत असं वाटलं. मी तर शाळेत नववीला जंतू शिकवायचो. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ही गोष्ट उदाहरण म्हणून सांगितलीसुद्धा.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्या स्वतःच्या दाढीत पुळ्या उठल्या. आधी गळ्यावर लाल ठिपके आले. मग प्रत्येक ठिपक्याच्या टोकाला पिवळा पू, आणि मधोमध एक केस उभा. साबण लागला की आग व्हायची. दोन दिवसांनी एक पुळी फुटायची, तिची खपली धरायची, तोवर शेजारी तीन नव्या.

"आंबे कमी खा, सर," तुळशीराम म्हणाला.

मी आंबे सोडले. पुळ्या राहिल्या. मग लक्षात आलं की शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनाही तेच झालं आहे. बाकावर बसलं की आता लोक एकमेकांच्या गळ्याकडे बघायचे. तुळशीरामही बघायचा. त्याने साबण बदलला. नवा ब्रश आणला. मुंबईला जाऊन पातं बदलता येणारा वस्तरा घेऊन आला, आमच्या बोळात तो पहिलाच. आता माणसागणिक नवं पातं. तुरटीचा खडासुद्धा फेकून दिला. एवढं करून पुळ्या थांबेनात. त्याचं बोलणं कमी झालं आणि दाढी बघणं वाढलं. चेहरा आणखी जवळ आणून, श्वास रोखून बघितल्यासारखा बघायचा. हात सारखा मिशीकडे जायचा.

मग अंजूरचं लग्न आलं. नवरा मुलगा जनार्दन. तुळशीरामच्या आजापासून त्या घरची सगळी कामं याच घराण्याकडे होती. जावळ, लग्न, बारावं, तेरावं. हळदीच्या सकाळी तुळशीरामने नवऱ्याची दाढी केली, आपल्याकडून अगदी जीव ओतून. चौथ्या दिवशी जनार्दनचा जबडा सुजला. हनुवटीवर तीन फोड, एका डोळ्यापर्यंत लाली चढलेली, अंगात ताप. त्याला ठाण्याच्या इस्पितळात ठेवावं लागलं. आठवडाभर इंजेक्शनं चालली. नवी नवरी माहेरी परत पाठवली, कारण घरात कुणाला काही सुचत नव्हतं. लोक म्हणाले हळदीत भेसळ होती. जनार्दनच्या बापाने हळद देणाऱ्या वाण्याला दुकानात जाऊन शिव्या घातल्या.

तुळशीराम इस्पितळात जाऊन आला. दुसऱ्या दिवशी माझी दाढी करताना त्याचा वस्तरा मध्येच थांबला. "सर, हळदीनं केसाच्या मुळात पू व्हईल?"

"होऊ नये," मी म्हणालो.

"मना पन तसाच वाटतो."

मी शेवटी डॉक्टर मुनीराकडे गेलो. ही इस्माईलशेठ नावाच्या जुन्या लूममालकांची मुलगी. मुंबईत त्वचारोगाचं शिकून आली होती आणि घराच्या ओटीवरच दवाखाना थाटला होता. तिच्या अकीक्याला, म्हणजे बाळपणीच्या जावळाला, डोकं भादरायला तुळशीरामच गेला होता, तेव्हा वस्तरा हातात धरून त्याला वर्षही झालं नव्हतं. त्यामुळे ती त्याला काका म्हणायची.

तिने भिंगातून माझा गळा बघितला. एका पुळीतला पू कापसाच्या काडीवर घेतला आणि काडी नळीत बंद केली. मग विचारलं, "दाढी कुठे करता?"

मी त्या नळीकडे बघू लागलो. तिने वर बघितलं.

"तुळशीकाकांकडेच ना? तुम्ही आठवे आहात, सर."

त्या सोमवारी दुकान बंद असताना ती तिथे आली. पुरुषांच्या सलूनमध्ये बाई शिरली म्हणून गोदामाचे हमाल बघत उभे राहिले. मीही होतो, तुळशीरामने मला बोलावलं होतं. तिने वस्तऱ्यावरून, ब्रशवरून, टॉवेलवरून, खुर्चीच्या डोक्याच्या उशीवरून एकेक काडी फिरवली. तुळशीराम छाती काढून उभा होता. परीक्षेला बसलेल्या पण पेपर सोपा गेलेल्या मुलासारखा. शेवटी ती म्हणाली, "काका, आता नाक वर करा."

"नाकात काय हाय माझ्या?"

"बघू या."

तो हसला आणि नाक वर केलं. काडीने त्याला शिंक आली.

चार दिवसांनी तिने आम्हा दोघांना दवाखान्यात बोलावलं. टेबलावर कागद होते. तिने डोळे वर न करता सुरुवात केली.

"तुमचं सामान स्वच्छ आहे, काका. टॉवेल तर आमच्या मुंबईच्या इस्पितळातल्यापेक्षा चांगले आहेत."

"ते मना ठावं हाय. पुढं सांग."

"जंतू तुमच्या नाकात आहे."

तुळशीरामचा हात मिशीकडे गेला.

"पुष्कळ लोकांच्या नाकात असतो. त्यांना स्वतःला काहीच होत नाही. सरांच्या पुळीतला, जनार्दनच्या फोडातला आणि तुमच्या नाकातला, तिन्ही एकसारखे आहेत. ठाण्याहून मी जनार्दनचाही रिपोर्ट मागवला होता. ज्या औषधांना एक दाद देत नाही, त्यांनाच बाकीचे दोन देत नाहीत. तुम्ही मिशीला हात लावता, नाकाला लागतो, तोच हात गालावर जातो. चेहरा जवळ नेता. पात्यावर फुंकर मारता."

तुळशीरामने आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. बाहेर लूम चालू होते. मग म्हणाला, "मना एक पन पुळी न्हाय आली कधी."

"म्हणूनच कुणाला संशय आला नाही. मलाही."

"मी त्या दापोडेवाल्याला हाकलला," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "आठवतो तुमाला? फोड घेऊन आलेला. मी त्याला हाकलला, सर."

मुनीराने औषध समजावून सांगितलं. नाकात दोन वेळा लावायचं मलम, औषधी साबणाने अंघोळ, प्रत्येक दाढीआधी आणि नंतर हात धुणं. दोन आठवडे दुकान बंद, मग पुन्हा तपासणी. आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुणाला सांगायची गरज नाही, काका. आजारी आहे म्हणा. पेशंटना मी बघते. तुमचं नाव माझ्या तोंडून कुठेच जाणार नाही."

"का न्हाय जानार?" तो एकदम मोठ्याने म्हणाला. "लोक गालावर घेऊन घरी गेलेत. उद्या त्यांच्या पोरांना लागंल. त्यांना कसा कळंल, कुठनं आला ते?"

तिथून आम्ही सरळ दुकानात आलो. त्याने गोदामातून पुठ्ठा मागून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "तुमचा अक्षर चांगला हाय. लिहा."

मी लिहिलं, "काही अपरिहार्य कारणास्तव दुकान बंद राहील."

"काय लिवला?"

मी वाचून दाखवलं.

"अपरिहार्य म्हंजे काय?"

"टाळता न येणारं."

"टाळता न येनारा असा काय हाय त्यात? नाक हाय. नाक लिहा, सर."

मी त्याला समजावू लागलो. धंदा बसेल, लोक हसतील, जुने लोकसुद्धा पाठ फिरवतील. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बोलून झाला? आता लिहा." आणि उभ्या उभ्या मजकूर सांगितला. तो मी होता तसा, फक्त शाळेच्या भाषेत, पुठ्ठ्यावर उतरवला:

"दुकान बंद आहे. मालकाच्या नाकात जंतू सापडला आहे. ज्यांच्या दाढीत पुळ्या आल्या, त्या माझ्यामुळे आल्या. उष्णतेने नाही, आंब्याने नाही, हळदीने नाही. पुळ्या दाबू नका. दुसऱ्याचा टॉवेल वापरू नका. डॉक्टरला दाखवा. तुळशीराम."

हळदीचं वाक्य त्याने दोनदा वाचून घेतलं. हिंदीतली पाटी मीच केली, उर्दूतली इस्माईलशेठांनी कुणाकडून तरी लिहून घेतली. तिन्ही पाट्या दारावर लागल्या. बोळात गर्दी झाली. काही जण हसले. एकजण नाक दाबून पळण्याचं सोंग करत गेला. दुपारपर्यंत सगळ्या मंडईत पसरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो अंजूरला जनार्दनच्या घरी गेला. मला म्हणाला, चला, साक्षीला कुणीतरी असू दे. जनार्दन नुकताच घरी आला होता, ओटीवर बाजेवर पडलेला, हनुवटीला पट्टी. त्याचा बाप भाताचं बियाणं निवडत बसला होता. तुळशीराम अंगणातच उभा राहिला. ओटीवर चढला नाही.

"काका, हळदीत काय नव्हता. माझ्यामुलं झाला."

आणि त्याने सगळं सांगितलं. नाक, मिशी, फुंकर. काहीच गाळलं नाही. म्हातारा ऐकत होता. हातातलं सूप त्याने खाली ठेवलं.

"मी त्या वान्याला आयबहिनीवरनं शिव्या दिल्या," म्हातारा म्हणाला. "भर बाजारात."

"ठावं हाय."

"सून माहेरी धाडली. अपशकुनी म्हनल्या बायका तिला."

तुळशीरामने मान खाली घातली. "म्हनून तर आलो. तिचा काय दोष न्हाय. सगळ्यांना सांगा."

"सांगीन," म्हातारा उठून उभा राहिला. "आनि तुला पन सांगतो. आता या दारात पाय ठेवू नको. कार्याला न्हाय, मयताला न्हाय."

तुळशीरामने हात जोडले आणि वळला. वेशीपर्यंत तो सायकल ढकलत चालला. तिथे सायकल भिंतीला टेकवून मिनिटभर नुसता उभा राहिला. मला वाटलं रडतोय, पण नव्हता. म्हणाला, "पोरगी परत येईल आता." आठवड्याने ती खरंच परत आली. त्या घरचं काम मात्र दुसऱ्याकडे गेलं, ते कायमचं.

दोन आठवड्यांनी पुन्हा काडी फिरवली, नाक स्वच्छ निघालं. दुकान उघडलं त्या सकाळी मी गेलो तर खुर्चीशेजारी एक अनोळखी माणूस उभा दिसला. वरचा ओठ फिकट, चेहरा दहा वर्षांनी लहान झालेला. त्याने मिशी उतरवली होती. स्वतःच्या हाताने, आदल्या संध्याकाळी. "हाताला जायला जागाच नको," तो म्हणाला. इस्माईलशेठांनी मऊ मलमलीचा तागा पाठवला होता. त्याचे रुमाल करून तो नाकातोंडावर बांधायचा, दर दोन तासांनी नवा. दाराशी नळाला साबण टांगलेला. गिऱ्हाइकाच्या समोर हात धुवायचे, नखांपर्यंत, मगच गालाला हात.

पहिले काही महिने बाक रिकामा असायचा. बोळाच्या तोंडाशी एका नव्या माणसाने चकचकीत आरशांचं सलून काढलं. उत्तरेकडचे कामगार याला नाकवाले चाचा म्हणू लागले, पण हळूहळू तेच आधी परत आले. एक विणकर मला म्हणाला, "जो अपना ऐब खुद बताए, उससे क्या डरना?" वर्ष-दीड वर्षाने एक दिवस जनार्दन आला. बापाला न सांगता आला होता, हे उघड होतं. बाकावर बसायला नको म्हणाला, खुर्चीत बसला आणि मान मागे टेकली. हनुवटीवर दोन खोलगट डाग राहिले होते. तुळशीरामने ते अंगठ्याने हलकेच चाचपले. मग साबण लावला आणि दाढी केली. जाताना जनार्दन म्हणाला, "पुढल्या शुक्रवारी येतो."

रुमालामुळे त्याचं बोलणं अर्धं अस्पष्ट झालं होतं, पण बंद झालं नव्हतं. नव्वदच्या दशकात रक्तातून पसरणाऱ्या नव्या रोगाची धास्ती आली आणि गावोगावच्या दाढी करणाऱ्या कारागिरांना पात्यांबद्दल विचारणा होऊ लागली. तेव्हा लोक त्याला बोलवायचे. वडप्याला महामार्गावरच्या एका शेडमध्ये पंधरा-वीस कारागीर जमले होते, त्या दिवशी मीही गेलो होतो. कुणीतरी सुरुवातीला त्याची ओळख करून दिली, आदर्श व्यवसायबंधू वगैरे. तुळशीरामने हात वर करून त्याला थांबवलं. "आदर्श न्हाय. मी उन्हाळाभर लोकांच्या तोंडाला पू लावत होतो आनि आंब्याला दोष देत होतो. तिथनं सुरू करतो." शेडमध्ये हशा पिकला. त्याने नळ कुठे असावा इथपासून सगळं सांगितलं. एकाने विचारलं, "गिऱ्हाइकाला पुळ्या दिसल्या तर हाकलायचा काय?"

"हाकलायचा न्हाय," तो म्हणाला. "मी हाकलायचो. त्याला पानी द्यायचा, बसवायचा आनि सांगायचा, दादा, आधी दवाखाना. आनि मग आपला नाक तपासून घ्यायचा."

पुढे त्याच्या हाताला कंप सुटला आणि त्याने एका सकाळी, कुणाचाही गाल न कापता, दुकान बंद केलं. मीही निवृत्त होऊन ठाण्याला आलो.

त्याला मी शेवटचं बघितलं ते शेअर रिक्षात. एका विद्यार्थ्याच्या घरी अंजूरला गेलो होतो, परतताना तो माझ्या शेजारी येऊन बसला. भिवंडीला बियाणं आणायला निघाला होता. समोर एक बाई होती, गोदामात हमाली करणाऱ्याची बायको असावी, मांडीवर तीनेक वर्षांचं पोर. पोराच्या नाकाखाली आणि गालावर मधासारख्या पिवळ्या, ओलसर खपल्या होत्या आणि त्यांवर राख फासलेली.

"बाय, हा काय लावलास?" तुळशीरामने विचारलं.

"अंगारा. देवीचं म्हनत्यात."

"अंगारा कपाळाला लाव. खपलीवर नको. कधीपासून हाय?"

"आठ दिस झालं."

"घरात अजून पोरं हायत?"

"दोन. एकीच्या हातावर बी आलंय कालपासून."

"म्हंजे वाढतो हाय." तो पुढे वाकला. पोराला हात लावला नाही, नुसतं नीट बघितलं. "घाबरायचा न्हाय. हा बरा होतो, लवकर होतो. खपली ओढू नको, साबनाच्या कोमट पान्यानं भिजव, आपोआप सुटंल. नखं काप याची. टॉवेल वेगळा ठेव. पन औषध पायजे. दवाखान्यात चल."

"उद्या ह्यास्नी सांगते."

"उद्या न्हाय. आज."

"मला ठावं न्हाय दवाखाना कुठंशी हाय."

धामणकर नाक्याला रिक्षा थांबली. तुळशीराम उतरला आणि बाईसाठी रिक्षाचा आडवा दांडा वर धरून उभा राहिला. "तुमचं बियाणं?" मी विचारलं. "मिळंल ओ," तो म्हणाला, आणि वळून बाईला, "ये. सरकारी दवाखाना इथंच हाय, मी दाखवतो. पोरीला पन संध्याकाळी घेऊन यायचा." ती पोराला कडेवर घेऊन उतरली. एका ट्रकला त्याने तो थरथरणारा हात दाखवून थांबवलं, बाईला पुढे घातलं, आणि ती रस्ता ओलांडून जाईपर्यंत ट्रकसमोर तसाच उभा राहिला.